उपग्रह जाईल त्या दिवशी

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा राग आला, म्हणून दुपारची झोप काढून उठल्यावर पुन्हा वाचलं. राग कमी झाला, गेला नाही.

उपग्रहाच्या इमेजवरून दक्षिण सोलापूर तालुक्याच्या रब्बी पिकांचा नकाशा झाला, अ‍ॅक्युरसी ९१ टक्के आली, गाईड खूश झाले, आणि मग तू हौसेनं मंद्रूपच्या पुढच्या त्या गावात छापील नकाशा घेऊन गेलीस. पारावर एका आजोबांनी चष्मा लावून आपला तुकडा शोधला आणि म्हणाले, "पडीक? आमची ज्वारी हुती की तिथं." लोक हसले. तू पुढची बस धरून घरी आलीस. आता तुझे तीन प्रश्न आहेत: तो तुकडा हातानं बदलू का, ते गाव तपासणीतून वगळू का, की हा विषयच सोडून बंगळूरची नोकरी धरू.

नोकरीचं तुझं तू ठरव. घरचे दोन माग बंद आहेत असं लिहिलंयस. त्यावर पेन्शन खाणाऱ्या बाईनं शहाणपण सांगू नये. पहिल्या दोन प्रश्नांसाठी मात्र मला एकच विचारायचंय. इमेज कुठल्या तारखेची होती? चार पानी पत्रात तारीख नाही. "फेब्रुवारीचा सीन" एवढंच आहे. फेब्रुवारी ही काय तारीख झाली?

अगं, आपल्याकडची ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात. दीड फुटावर ओळ. नोव्हेंबरात तू वरून बघशील तर दोन ओळींमधली काळी जमीनच जास्त दिसेल, कारण रोप अजून वीतभर. डिसेंबरात रान गच्च होतं. मग हुरडा, मग कणीस वाळतं, पान पिवळं पडतं, आणि फेब्रुवारीत कुणाची उभी तर कुणाची आडवी. त्यातून ज्याच्या गोठ्यात वैरण संपली असेल तो दाण्याची वाट न बघता हिरवीच कापून गुरांपुढे टाकतो. तुझ्या आजोबांनी तसंच केलं असणार. उपग्रहाला त्यांच्या रानात धसकटं दिसली, त्यानं धसकटं सांगितली. तो खोटं बोलला नाही, आजोबाही नाही बोलले. दोघं वेगवेगळ्या दिवसांबद्दल बोलत होते, आणि मधे उभी असलेल्या तुला दोन्ही दिवस माहीत नव्हते.

म्हणून सांगते, आणि हे पत्र संपेपर्यंत सांगत राहणार आहे: उपग्रह डोक्यावरून जाईल त्या दिवशी तू शेतात असली पाहिजेस. नंतरच्या आठवड्यात गेलेलं मी धरत नाही.

ऑफिसात माझ्या या हट्टाची टिंगल व्हायची. "बाईंना पास आला" म्हणायचे (पास म्हणजे उपग्रहाची डोक्यावरची फेरी), जसा काही एसटीचा पास आला. माझ्या वेळी आपला आयआरएस-१ए उपग्रह होता, १९८८ च्या मार्चमध्ये रशियाच्या रॉकेटवरून गेलेला. तो त्याच जागेवर २२ दिवसांनी यायचा. एकदा ढग आले की पुढचे २२ दिवस हात चोळत बसायचं. तुम्हाला युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची जोडी दर ५ दिवसांनी फुकट इमेज देते आणि तुम्ही तारीख लिहायला विसरता! अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांच्या इमेजेस २००८ मध्ये सगळ्यांना मोफत झाल्या. त्याआधी एका सीनला ६०० डॉलर पडायचे. हे सांगते ते माझ्या तरुणपणाचं कौतुक म्हणून नव्हे (थोडं तसंही असेल), तर पुढे मी जे कबूल करणार आहे त्याची ती माझी सबब आहे.

आधी तुझ्या ९१ टक्क्यांचं बघू. तपासणीचे २०० बिंदू तू कुठून घेतलेस? कॉम्प्युटरवर, वरूनच काढलेल्या दुसऱ्या फोटोतून. म्हणजे पेपरही वरचा आणि मॉडेल ॲन्सरही वरचं. तुझे वडील चादर अशी तपासतात का? मी पूर्व भागात वाढलेली, मला माहीत आहे. घडीवरचं फूल कुणीही बघेल. मालाची पारख असणारा माणूस आधी चादर उलटी करतो, मागच्या बाजूनं हात फिरवतो, धागा कुठे सुटलाय ते बोटाला कळतं. शेतात जाणं म्हणजे ती उलटी बाजू.

आणि "मी शहरातली, मला शेतीतलं काय कळतं" हे वाक्य पुन्हा लिहू नकोस. माझे वडील गिरणीत होते, आम्ही भोंग्यावर जेवायचो. मलाही करडई आणि काटेरी तण यातला फरक तिसऱ्या वर्षी कळला. कळत नाही म्हणून तर जायचं असतं.

सांगोल्याची एक बाग सांगते. डाळिंबाची, चार वर्षांची, साधारण दोन एकर. सेंटिनेल-२ चा पिक्सेल १० मीटर बाय १० मीटर, म्हणजे १०० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ एक गुंठा. (हे मला फार आवडतं. युरोपातल्या लोकांनी आपल्या सातबाऱ्याच्या मापाचा ठिपका बनवला.) तर त्या बागेचे ऐंशीच्या आसपास ठिपके. डिसेंबरात त्यांचा एनडीव्हीआय निम्म्यावर आला. हिरवं पान लाल प्रकाश खातं आणि जवळचा इन्फ्रारेड परत फेकतं, त्या दोहोंच्या फरकावर हा आकडा उभा आहे. आकडा पडला म्हणजे पान गेलं. माझ्याबरोबर नव्यानं लागलेला एक हुशार मुलगा होता, त्यानं लगेच लिहिलं: बाग रोगट, बहुधा तेल्या. मी म्हटलं, मंगळवारी पास आहे, चल.

गेलो. बाग उघडीबोडकी. पानांचा सडा पडलेला, फांद्या काड्यांसारख्या, ठिबकच्या नळ्या कोरड्या. मुलगा माझ्याकडे विजयी मुद्रेनं बघायला लागला. तेवढ्यात बागवान आला, चेहऱ्यावर काळजी नाही, उलट आम्हाला चहा विचारतोय. आंबे बहार, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडाची फुलं, धरायचा होता त्याला. महिनाभर पाणी तोडून ताण दिला होता आणि वर औषध मारून पानगळ केली होती. पैसे खर्चून त्यानं स्वतःच्या बागेचा एनडीव्हीआय पाडला होता! पानगळ नीट झाली म्हणून तो खूश होता, आणि आम्ही त्याला आजारी ठरवायला निघालो होतो.

पुढच्या मे महिन्यात त्याच बागेचा आकडा पुन्हा विचित्र आला. पुन्हा पासच्या दिवशी गेलो. फळांना ऊन लागू नये म्हणून त्यानं ओळीच्या ओळी जुन्या साड्यांनी झाकल्या होत्या. गुलाबी, मोरपंखी, एक तर चक्क जरीच्या काठाची. उपग्रह सातशे-आठशे किलोमीटरवरून साडीचा एनडीव्हीआय मोजत होता. तो मुलगा साड्यांच्या मधे उभा राहून इतका हसला की बागवानाची बायको बाहेर आली.

ताण धरलेली बाग आणि तेल्यानं गेलेली बाग एका तारखेच्या इमेजमध्ये सारखीच दिसू शकते. आठ आठवड्यांनी एकीला पालवी फुटलेली दिसेल, दुसरीला नाही. पण ती ताणाची होती हे तुला सांगणार कोण? त्या दिवशी तिथे उभं असणारं माणूस. कॉलेजच्या लॅबमधून हे कुणालाच सांगता येणार नाही.

वेळेचंही सांगून ठेवते, कारण तुम्ही मुलं पुस्तकातलं साडेदहा धरून जाता. या उपग्रहांची साडेदहाची वेळ सूर्याच्या घड्याळाची असते. आपलं घड्याळ ८२.५ रेखांशावर चालतं आणि सोलापूर ७६ च्या जरा अलीकडे, त्यामुळे आपला सूर्य घड्याळाच्या सव्वीसेक मिनिटं मागे. हातातल्या घड्याळात अकराच्या आसपास तो डोक्यावरून जातो. दुपारचे ढग जमायच्या आत बघून घ्यावं म्हणून सकाळची वेळ निवडलेली आहे. त्या वेळी सावली कुठे पडते, पानावर दव आहे का, आदल्या रात्री पाणी दिलंय का, हे वहीत जायला हवं. ओली काळी माती आणि कोरडी काळी माती हे वरून दोन वेगळे प्राणी आहेत.

आता कबुली.

१९९७. आयआरएस-१सी ची एप्रिलमधली इमेज, २३.५ मीटरचा पिक्सेल, म्हणजे साडेपाच गुंठ्यांचा एक ठिपका. नान्नजच्या बाजूचा एक माळ माझ्या वाट्याला आला होता. त्या वर्षी एका तालुक्याला एकच सीन मंजूर होता आणि तो एप्रिलचा मिळाला. छापील इमेजवर पारदर्शक फिल्म ठेवून पेन्सिलीनं हद्दी काढायच्या, असं काम. फॉल्स कलरमध्ये हिरवं ते लाल दिसतं. त्या माळावर लालाचा ठिपका नव्हता. सगळं फिकट, चकचकीत, मुरमासारखं. मी लिहिलं, "पडीक". मार्च अखेर उलटून गेलेली, अहवाल तुंबलेला, साहेब दारात. मी गेले नाही. आयुष्यात ज्या थोड्या वेळा गेले नाही, त्यातली ही एक.

एप्रिलमध्ये गवत वाळतं, दुसरं काय होणार? त्याच माळावर सप्टेंबरात पवन्या आणि मारवेल गुडघ्याच्या वर असतं, कुसळी साडीला चिकटून घरापर्यंत येते. मी पाच वर्षांनी भलत्याच कामासाठी तिथून चालले होते. माळभर खड्डे खणलेले, ओळीत, झाडं लावायला. पडीक जमीन म्हटल्यावर कुणीतरी उपयोगात आणणारच. मेंढरं घेऊन एक धनगर उभा होता. म्हणाला, "बाई, आमच्या चराईच्या रानाला पडीक कुणी लिवलं ओ?"

मी म्हटलं, माहीत नाही.

तिथलं माळढोक अभयारण्य १९७९ पासूनचं. त्या पक्ष्याला झाडी नको, उघडा माळ लागतो, लांबवर नजर जायला हवी. आज तिथे माळढोक दिसला तर पेपरात बातमी येते. माझ्या पेन्सिलीनं माळढोक गेला असं म्हणण्याइतकी मी मोठी नाही. त्याला कारणं ढीगभर आहेत, आणि त्या खड्ड्यांची फाईल माझ्याच नकाशावरून हलली की आणखी कशावरून, हेही मी कधी विचारलं नाही. न विचारणंच सोयीचं होतं. पण गवताळ माळाला 'पडीक' म्हणायची खोड देशभरच्या नकाशांत होती आणि त्यातला एक तुकडा माझ्या हातचा आहे. एकच सीन मंजूर होता, हे खरं. सप्टेंबरात ढग असतात, सप्टेंबरची इमेज मिळाली नसती, हेही खरं. मला सप्टेंबरात स्वतः जायला मात्र कुणी अडवलं नव्हतं. सोलापुरातून नान्नज वीसेक किलोमीटर. शहर बसनंही जाता आलं असतं.

त्यानंतर मी पास चुकवला नाही. फिरतीचा भत्ता नामंजूर झाला तर पदरच्या पैशानं गेले. वरिष्ठ म्हणाले, बाईंना भत्त्याची हाव आहे. मग म्हणाले, बाईंना घरी करमत नाही. मुलाच्या बारावीच्या निकालाच्या दिवशी मी उजनीच्या फुगवट्यावर जलपर्णीच्या कडेनं चालत होते. ती वरून पिकासारखी हिरवी दिसते आणि पाण्याचा आकडा खाते. मुलगा अजून ते काढतो. मी त्याला सांगत आले की पुढचा पास २४ दिवसांनी होता. निकाल त्याच संध्याकाळी घरी आल्यावरही कळलाच असता की नाही? असो. हे तुला का सांगतेय कोण जाणे.

तू विचारशील, आता इतके उपग्रह झाले, रडार आलं, अजून काय पायपीट करायची? तुझ्या गाईडनी हेच म्हटलंय ना, की एक तुकडा म्हणजे नॉइज. त्यांना माझा नमस्कार सांग आणि २०२५ च्या सप्टेंबरातला सीनेचा पूर सांग. ढगांनी नेहमीच्या इमेज आंधळ्या झाल्या होत्या, म्हणून मी घरी बसून सेंटिनेल-१ चं रडार बघत होते. रडारला ढग आड येत नाहीत. संथ पाणी त्याची लहर आरशासारखी पलीकडे फेकतं, म्हणून पाणी काळं दिसतं. उघडी रानं काळी दिसत होती, बरोबर. उसाचे फड मात्र करड्या रंगाचे, कोरडे असल्यासारखे. आणि माढ्याकडचा माझा एक जुना ओळखीचा शेतकरी फोनवर सांगत होता की फडात कमरेइतकं पाणी आहे. त्या रडारची लहर साडेपाच सेंटिमीटरची. ती उसाच्या शेंड्यातल्या पाल्यावरच विस्कटते, खालच्या पाण्यापर्यंत पोचतच नाही. त्याच वर्षी ३० जुलैला श्रीहरिकोट्याहून निसार हा रडारचा उपग्रह गेला, त्याची एक लहर २४ सेंटिमीटरची आहे. ती पाल्यातून आत शिरते, आणि पाण्यावरून उसळून उसाच्या कांडीवर आपटून परत येते, म्हणजे बुडालेला फड काळा न दिसता उलट जास्त उजळ दिसायला हवा. दिसतो का, हे सीनेकाठी पुराच्या दिवशी उभं राहून कुणी लिहिलंय? तुझ्या पिढीनं लिहायचं आहे ते. माझे गुडघे गेले.

सरकारच्या २०१६ च्या दुष्काळ संहितेतसुद्धा उपग्रहाचे निर्देशांक झाल्यावर दहा टक्के गावांत प्रत्यक्ष पाहणी सांगितलेली आहे. ज्यांनी तो नियम लिहिला त्यांनाही ओढ्याकाठची वेडी बाभूळ कुठेतरी भेटली असणार. गावात प्यायला टँकर आणि ओढ्याला हिरवा पट्टा, असं मी स्वतः पाहिलंय. तो हिरवा आकडा बघून एखाद्या गावाचं नाव यादीतून गळू शकतं.

बहात्तरच्या दुष्काळात माझी आजी खडी फोडायला जात होती. मी अकरा वर्षांची, मला आठवतं ते लाल मिलोची भाकरी आणि सुकडी. पुढे नोकरीत कळलं की पहिला लँडसॅट त्याच जुलैमध्ये सोडला, २३ जुलै १९७२. ऐंशी मीटरचा पिक्सेल, दीड एकराहून मोठा. एका ठिपक्यात आजीसकट अख्खं खडीचं काम मावलं असेल. हे मी कधी कुणाला बोलून दाखवलं नाही, तुलाच लिहितेय.

तर आता तुझं काम. तुकडा हातानं बदलू नकोस. गाव वगळलंस तर पुन्हा मला पत्र लिहू नकोस. डिसेंबरपासूनच्या सगळ्या निरभ्र इमेजेस उतरव, आजोबांच्या तुकड्याचा आलेख काढ, कुठल्या दोन पासांच्या मधे आकडा कोसळतो ते बघ. मग आजोबांना विचार, ज्वारी कधी कापली. तारीख सांगणार नाहीत ते. "वेळा अमावास्येला उभी हुती, गड्ड्याच्या आधी कापली" असं काहीतरी सांगतील. ती अमावास्या आणि सिद्धेश्वराची गड्डा यात्रा कॅलेंडरवर तूच बसव. पाच-पाच दिवसांच्या हिशेबात ते बसलं, तर तुझ्या नकाशात 'पडीक' ऐवजी 'वैरणीसाठी कापलेली ज्वारी' असा नवा वर्ग तयार होईल, आणि मग बाकीच्या 'पडीक' तुकड्यांतले किती तसले आहेत हे शोधायला तुला अख्खा तालुका पडलाय. ९१ चे ७८ झाले तर होऊ देत. गाईडना मी फोन करते.

येत्या पासची तारीख आजच काढ. मंद्रूपला बसची खोटी नाही, पण पुढच्या गावासाठी जीप भरेपर्यंत थांबावं लागतं, म्हणून सातला घर सोड. टोपी, पाणी, साधी वही. मोबाइलची बॅटरी उन्हात दगा देते. अकराला रानात उभी राहा, चारी दिशांचे चार फोटो काढ, पाचवा पायाखालचा. आणि आजोबांना विचार, पेंढ्या किती निघाल्या.

तुझी,
बाई
सोलापूर